सुरंगीचं ओलं फूल

सुरंगीचा वास आला की माझा हात वाचत्या पानावरच थांबतो. एका वर्षी गावच्या वाचनालयातून मी मिळेल ते वाचलं, प्रवासवर्णनं, भुतांच्या गोष्टी, कविता. जिथे डोळे भरून यायचे, नेमकं तिथेच सुरंगीचं सुकं फूल असायचं. ग्रंथपालकाका म्हणाले, “माझी बायल ठेवायची गो. रडाक इलां की थंय फूल. तिका जावन धा वर्सां झाली.” मी आदल्याच दिवशी मालवणाहून आलेलं कोरं पुस्तक उघडून दाखवलं. सुरंगी फुलते शिमग्याला. ऐन श्रावणात त्यातलं फूल ओलं होतं. काकांनी ते हुंगलं. “आजून एक पुस्तक ने. बेगीन वाच,” ते घाईने म्हणाले. यंदा काका गेले. काल नव्या पुस्तकात दोन फुलं निघाली. एक मी रडले तिथे, दुसरं मी कंटाळून उलटलेल्या पानावर. ते पान मी आता पुन्हा वाचते आहे.