थकले म्हणायचं कुणी

नववीच्या वर्गाला मी कित्येक वर्षं समानार्थी शब्द शिकवते आहे. थकवा म्हणजे शीण, श्रम, ग्लानी. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत ओकतात आणि विसरून जातात. मीही आता सवयीनं सांगते, मान वर न करता. कोरपन्याकडच्या आमच्या शाळेतल्या कडूनिंबावर कारखान्याच्या सिमेंटची भुकटी बसलेली असते, पाऊस आला तरी ती पुरती धुतली जात नाही. शेवटचा तास संपला की खुर्चीतून उठायला मला स्वतःचीच मनधरणी करावी लागते.

खरं सांगायचं तर हे शब्द एकमेकांच्या जागी चालतच नाहीत. ग्लानी मी पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. शीण प्रवासाचा असतो, तो चहानं जातो. श्रमपरिहार फक्त निमंत्रणपत्रिकेत भेटतो. स्नेहसंमेलनात श्रम आम्ही मास्तरणींनी करायचे आणि परिहार पाहुण्यांचा व्हायचा. दवाखान्याच्या रांगेत थकव्याचं नाव कमजोरी. "कमजोरी हाय जी, एक सलाईन लावून द्या," असं म्हणत माणसं दंड पुढे करतात. बाटली लावली नाही तर डॉक्टर बिनकामाचा ठरतो.

आमचं माहेर आरमोरीच्या बाजूचं. तिथे आई दिवसभर धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करून, चिखलानं माखून घरी यायची आणि म्हणायची, "कंबर धरली वो." थकली असं कधी म्हणाली नाही. धरलेली कंबर सकाळी सुटते आणि सकाळी पुन्हा धानाच्या बांधीत उतरायचंच असायचं. माझा धाकटा भाऊ "भागलो" म्हणतो आणि आडवा होतो. बाबा फार झालं तर "जरासा टेकतो" एवढंच म्हणायचे. टेकायचे ते बिडी विझेपर्यंत, की लगेच उभे.

आणि म्हाताऱ्या माणसासाठी एक वेगळं थकणं आहे. "ते आता थकले" असं आपण म्हणतो, ते झोपेनं भरून निघणाऱ्या थकव्याबद्दल नसतं. मोठा सभ्य शब्द आहे. मात्र तो नेहमी त्या माणसाच्या माघारी बोलतात. तोंडावर कुणी कुणाला "तुम्ही थकलात" म्हटलेलं मला आठवत नाही.

गेल्या माघात भावानं नेमकं तेच काम माझ्या गळ्यात घातलं.

आमचे लोक ढिवर, तलावातली मासेमारी करणारे. बाबांचा सगळा जन्म गावच्या तलावात छातीभर पाण्यात गेला. पावसाळ्यात त्यांची छाती भरली आणि गडचिरोलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, आता थंड पाण्यात उतरायचं नाही, पुन्हा असं झालं तर आम्ही काही करू शकणार नाही. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते जाळं उसवलं कुठे हे पाहण्याचं.

"बाई, तूच सांग त्याहिले," भाऊ फोनवर म्हणाला. मी मोठी बहीण, म्हणून बाई. "माह्यं तं आयकतच नाई. रविवारी मोठं जाळं हाय. मी काही म्हटलं का म्हनतेत, तुले माही जागा पाह्यजे काय?"

मी शनिवारी शाळा करून निघाले. चंद्रपूरला बस बदलली, पुढे उभ्यानं आले. पाय भरून आले होते आणि मनात चीड होती. सांगायचं काम नेहमी शिकलेल्या मुलीवर. जणू शब्द माझ्याकडे आहेत म्हणजे धीरही माझ्याकडेच असणार.

संध्याकाळी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढून आई बाजूला बसली, भाऊ ताटात बघत राहिला. मी सुरुवात केली.

"बाबा, आता जरा आराम करा."

"आरामच करून राह्यलो ना. खाटेवर पडून पडून पाठ लागली."

"पाण्यात नका उतरू म्हणते मी. विसावा घ्यायचे दिवस आहेत हे."

"तू काऊन घेत नाईस मंग विसावा? तूही तं किती वाळली. तूच सोड शाळा."

आई हसली. भाऊही हसला, मेला. माझ्याकडचे सगळे समानार्थी शब्द संपले, उरला तो एकच, थकलात. मी ताट उचललं.

आमच्या गावची वाटणीची एक पद्धत आहे. मोठं जाळं सगळे मिळून ओढतात आणि मासळीचे ढीग पाळीवर, तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर मांडतात, जेवढी माणसं तेवढे वाटे. मग एक जण ढिगांकडे पाठ करून दगडावर बसतो. दुसरा एकेका ढिगाला काडी लावून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा बसलेला एकेकाचं नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाहीत, म्हणून मोठा-छोटा वाटा यावरून भांडण होत नाही. शेवटचा ढीग त्याचा स्वतःचा. तिथे तो नाव घेत नाही, "बोलनाऱ्याचा" एवढंच म्हणतो. दगडावर बसायचा मान त्याला, जो आधी पाण्यात होता आणि आता उतरत नाही. आमच्या लहानपणापासून तिथे एक आजा बसायचे. शेवटचा शब्द ते इतक्या जोरात ओरडायचे की पाळीवरचे बगळे उडायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो. ते आजा भर पावसाळ्यात गेले. त्यानंतरचं हे पहिलंच मोठं जाळं होतं.

सकाळी मी आईबरोबर पाळीवर गेले. पाण्यावर धुकं होतं. बाबा धोतराचा काचा मारून सगळ्यांच्या आधी उतरले आणि आपल्या नेहमीच्या जागी, मधोमध, उभे राहिले. आईनं पदर तोंडाशी धरला.

मोठ्या जाळ्याचा एकच नियम आहे, कुणी थांबायचं नाही. खालची दोरी चिखलाला घासत आली पाहिजे. मधला माणूस थांबला की दोरी उचलली जाते आणि मासे खालून निघून जातात. अर्धा तलाव ओढून झाला आणि बाबांना खोकला आला. पहिली उबळ त्यांनी चालता चालता काढली. दुसरीला ते थांबले. जाळं हातात तसंच, मान खाली, पाठ गदगदत होती. दोन्ही बाजूंचे लोक एक पाऊल पुढे गेले आणि मग तेही थांबले. जाळ्यापलीकडे पाणी उसळलं. रोहूच्या पाठी एकामागून एक चमकल्या आणि तलावात परत गेल्या.

कुणी शिवी दिली नाही. एरवी पोरानं असं केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. भावानं त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी तो झटकला आणि जाळं शेवटपर्यंत ओढत आणलं.

मासळी थोडीच लागली. काही रोहू, चार-दोन मरळ, बाकी बारीक. ढीग मांडले गेले. बाबा ओल्या अंगानं उन्हात उभे होते. दगड रिकामाच होता. सगळे कुठेतरी दुसरीकडेच बघत होते.

तेव्हा बाबांचा जोडीदार पुढे आला. पोरवयापासून जाळ्यात बाबांच्या उजव्या हाताला तोच असायचा. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा पिळला, दगडावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "भाऊ, आज तुमी बोला."

बस, एवढंच. थकले नाही, म्हातारे नाही, आराम करा नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

बाबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. मग आले आणि बसले. ढिगांकडे पाठ, म्हणजे तोंड आम्हा बायकांकडे. पुरुषांना त्यांची पाठ दिसत होती, चेहरा फक्त मला आणि आईला. ओठ निळे पडले होते. आईनं आपल्या अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांनी ती टाकू दिली.

"हा कोनाचा?"

त्यांनी एक नाव घेतलं. मग दुसरं. आवाज हळूहळू मोकळा झाला. माझ्या भावाचं नाव घेताना ते जरा सावकाश बोलले. माणसं ढीग उचलून बाजूला होत गेली आणि शेवटी एकच उरला.

"हा कोनाचा?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मीही नजर हलवली नाही. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. काडी धरलेला माणूस दुसऱ्यांदा विचारायला निघाला होता, इतक्यात मागून जोडीदारानं त्याला हातानं थोपवलं.

"बोलनाऱ्याचा," बाबा म्हणाले. इतकं हळू की मागच्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. एकही बगळा उडाला नाही.

घरी जाताना मासळीची टोपली मी उचलली. त्यांनी ती मागितली नाही.