लेन्सवरचा डाग

उत्तर केनियातल्या सांबुरू जमातीच्या एका वस्तीत मी कॅमेरा डोळ्याला लावला, तोच एक म्हातारी तरातरा चालत आली आणि थेट लेन्सवर थुंकली. भाल्यांना रेलून उभी असलेली माणसं माझ्या हातांकडे बघू लागली. लेन्सवर बोट उमटलं तरी माझा जीव वरखाली होतो; हात आपसूक खिशातल्या फडक्याकडे गेला.

"पुसू नका," शेजारी उभा असलेला माझा वाटाड्या हळूच म्हणाला. "आशीर्वाद दिलाय तिनं. पुसलात तर तो झिडकारल्यासारखं होईल."

फडकं मुठीत तसंच राहिलं. लहानपणी दृष्ट काढताना आई थू थू करायची, तेव्हा मी कुठे तोंड पुसत होतो? पण परक्याकडून आलेलं काहीही आपल्याला आधी घाणच वाटतं. मी तर त्यांचे चेहरे फोटोत न्यायला आलो होतो, आणि त्यांनी दिलेलं मात्र पुसून टाकायला निघालो होतो.

लेन्स न पुसताच मी बटण दाबलं. म्हातारी हसली, तेव्हा कुठे भाल्यांभोवतीच्या मुठी सैल झाल्या.

त्या फोटोत तिच्या कपाळाशी एक धूसर ठिपका आहे. कॉम्प्युटरवर तो क्षणात पुसता येतो, असं सगळे मला सांगतात. माझा हात अजून धजत नाही.