मागच्या खोलीचं नेट

रविवार होता. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि शिवणाच्या बाई हातात टाचणी घेऊन जुन्या राउटरच्या पाठीवरचं बारीक भोक शोधत होत्या. भोकात टाचणी दाबून दहापर्यंत मोजायचं, म्हणजे तो डबा आधीच्या कंपनीचं सगळं विसरतो. बाईंनी वीसपर्यंत मोजलं. डब्याने विसरावं, त्यांना स्वतःला काही विसरायचं नव्हतं.

घर आगगाडीसारखं एका ओळीत होतं. पुढची खोली, मग बोळ, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे बाईंची शिवणाची खोली. नेटचा राउटर पुढच्या खोलीत. दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून मागे येईपर्यंत नेटचा जीव जात असे. मशीन तर मागेच, टेबलाला पक्कं बसवलेलं. तिथून बाई रविवार सोडून रोज अकरा वाजता लॅपटॉपवर चौदा जणींना शिवण शिकवत. गृहपाठाचे फोटो लावायला मदत हवी म्हणून त्यांनी धाकट्या नणंदेला, वन्संना, ग्रुपमध्ये घेतलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी गळ्याची पट्टी शिकवता शिकवता नेट गेलं. राउटर बंद-चालू करायला बाई पुढे गेल्या, तर वन्सं फोन उभा करून त्याच चौदा जणींना तीच पट्टी शिकवत होत्या.

"वहिनींचं नेट असंच," वन्सं फोनला हसून सांगत होत्या. "उद्यापासून माझ्याकडेच या गं."

नऊ जणी गेल्या. त्या दिवशी जेवताना वन्सं म्हणाल्या, "मागच्या खोलीत बसून पुढचं शिकवता येत नाही, वहिनी." बाईंनी भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना राउटर काढला. तो दोन आठवडे कपाटात पडून राहिला. काल उरलेल्या पाचांतल्या दोघींनी विचारलं, "बाई, तुमचं नेट नक्की कधी नीट होणार?" त्या दोघी गेल्या असत्या तर वर्ग संपला असता.

लॅपटॉप वायरने डब्याला जोडून बाईंनी त्याचं पान उघडलं, तेवढ्यात सासरे चहाचा कप घेऊन दारात आले. त्यांनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या.

"सूनबाई, हे काय चाललंय?"

"पुढच्या राउटरचं नेट हा डबा हवेतून झेलणार आणि वायरने माझ्या लॅपटॉपला देणार. पूल म्हणतात याला. आणि बाबा, आत्ताच सांगते, तुमच्याच लेकीचं उट्टं काढायला करतेय."

"काढ की. मी तारा ओढल्या, कुणाची बाजू ओढली नाही." ते स्टुलावर बसले. "तिच्या आईनेही कधी ओढली नसती. आई शहाणी होती."

बाईंनी वहीत लिहून ठेवलेलं एकेक केलं. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच होता, म्हणून या डब्याच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला. घरातल्या फोनांना नंबर वाटायचं काम पुढच्या राउटरचं. म्हणून याचं वाटप बंद केलं. मग यादीतून घरच्या वायफायचं नाव निवडलं आणि पासवर्ड टाकला. हिरवा दिवा लागला, विझला, लागला, विझला.

"ठेवलास कुठे?" सासऱ्यांनी विचारलं.

"इथेच, मशीनशेजारी. तुम्हीच तर म्हणता, पेटी गिऱ्हाइकाच्या घरात लावायची."

"ते तारेचं झालं." सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि थोडे ओशाळून हसले. "तार गिऱ्हाइकापर्यंत पोचलेली असते. इथे नेटच पोचत नाही, तर हा बिचारा झेलणार काय? विहीर कोरडी आणि आपण पंप बदलतोय."

डबा उचलून दोघं एकेक पाऊल पुढे सरकत गेली. स्वयंपाकघरात दिवा लुकलुकत राहिला. बोळातल्या फळीवर तो स्थिर झाला. तिथून मागच्या खोलीपर्यंत सासऱ्यांनी चौकटीच्या कडेने वायर नेली, दर वीतभर अंतरावर एक क्लिप ठोकत. आठ वाजता बाईंनी एक लांबलचक व्हिडिओ लावून पाहिला. तो एकदाही अडखळला नाही.

इथे थांबता आलं असतं. पण पुढच्या राउटरचं पानही आता लॅपटॉपवर उघडत होतं. त्याचा पासवर्ड खालच्या चिकटपट्टीवर होता तोच, कुणी कधी बदलला नव्हता. पानावर घरातल्या सगळ्या फोनांची यादी होती आणि प्रत्येकासमोर बंद करायचं बटण. वन्संचा फोन तिसरा होता. बाईंनी बटण दाबलं.

"वहिनी, नेट गेलं का हो?" पुढून हाक आली.

"माझं चालू आहे," बाई म्हणाल्या. पंधरा दिवसांत इतकं गोड वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

मग वन्संनी एका विद्यार्थिनीला फोन लावला. आवाज बोळातून स्पष्ट येत होता. "अगं, घरचं नेटच गेलंय. उद्याचा बाहीचा वर्ग बहुतेक होणार नाही."

त्या आवाजात सुटकेचा सुस्कारा होता, आणि तो बाईंनी बरोबर ओळखला. वन्संना बाही लावता येत नव्हती. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याच्या गोलाईपेक्षा, बोटभर जास्त असतो. तो चुणी न पडता जिरवावा लागतो. वन्सं जास्तीचं कापड कापून टाकत, मग हात वर उचलला की शिवण उसवे. आजवर त्यांच्या प्रत्येक ब्लाउजची बाही बाईंनीच, काही न बोलता, लावून दिली होती. नेट बंद म्हणजे वन्संना आयतं निमित्त.

बाईंनी बटण पुन्हा दाबलं.

"आलं बघा, वन्सं," त्यांनी हाक दिली. "उद्या तुमचा वर्ग घ्याच. नेट आता जाणार नाही, मी स्वतः लक्ष ठेवते."

सासरे उरलेल्या क्लिपा डबीत भरत होते. "जुन्या चादरीवर करायला सांग बाई त्या पोरींना," ते म्हणाले. "चांगलं कापड फुकट जायला नको."

ते बाईंना पटलं. चौदाही जणींना त्यांनी निरोप धाडला: बाहीचा सराव जुन्या कापडावरच करा. खाली आणखी एक ओळ टाकली: बाही बसली नाही तर ती घेऊन माझ्याकडे या, जागा आहे.

उद्या वन्संचा वर्ग अकरा वाजता आहे. बाईंचा अकराला नाही. बारा वाजता आहे.