प्लायच्या टाकीला बाहेरून दोन हात

सासऱ्यांनी कोलशेतच्या खाडीतली होडी विकली आणि ते कोपरला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यांनी कुठल्याही कामाला हात लावला नव्हता. खिडकीत बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. बायकोला त्यांची काळजी लागून राहिली होती. मी फिश टँकच्या नादात होतो.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या करताना उरलेल्या प्लायची मी टाकी ठोकली, पुढे काच बसवली. पाणी झिरपू नये म्हणून आतून इपॉक्सीचे दोन हात मारायचे, एवढंच बाकी होतं. ऑफिसातून आलो तर दोन्ही हात मारून झालेले. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डब्यावरचं माप आपल्या मुलीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, वाचून घेतलं, सांध्यांत कापसाच्या वाती कोंबल्या आणि काच सोडून अख्खी टाकी तळासकट चकचकीत केली. बाहेरून. आतलं लाकूड कोरं होतं.

"एक थेंब आत येवाचा नाय," मामा म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. होडीला त्यांनी आयुष्यभर बाहेरूनच डांबर लावलं होतं, आणि तिच्यात कोणी मासे पाळत नाही. मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. जेवताना मामांनी भात परत मागून घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी ब्र काढला नाही. बायकोनेही नाही.

रविवारी टाकी भरली. इपॉक्सीला आतबाहेर कळत नसेल अशी मला आशा होती. दुपारपर्यंत प्लाय फुगला, तळाचा सांधा उकलला आणि पाणी दिवाणाखाली गेलं. आम्ही तिघं पुसायला बसलो.

मामा वाकून टाकीच्या आतलं कोरं, फुगलेलं लाकूड बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुला म्हाईत व्हता?"

"हो."

"मंग बोललास का नाय?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी काम करत होतात, मामा."

आता ते गहिवरतील असं मला वाटलं. त्यांनी फडकं बादलीत पिळलं.

"होरीवर कोनी असा गप रायला, त मानसा पान्यान बुरतान."

मला भयंकर लाज वाटली. मी मान खाली घालून लादी पुसत राहिलो. मामांनी मुलीकडून सुरी मागून घेतली आणि ते टाकीची काच सोडवायला बसले. नव्या टाकीला ती चालेल, म्हणाले.