ऊपरवाला

कामठ्याच्या धान खरेदी केंद्रावरच्या त्या ऑपरेटरला पाहिलं की माझं डोकं तापतं. केंद्रातल्या नोंदी गोंदियाच्या मुख्य सर्व्हरशी जुळवणारा प्रोग्राम मी जँगो या फ्रेमवर्कमध्ये लिहिला. दोन्हीकडे फरक दिसला, की तो विचारतो, 'कुठली नोंद ठेवू?' हा गडी वाचतच नाही. गुणगुणत 'गोंदिया' दाबतो आणि वर म्हणतो, "ऊपरवाला कधी गलत नाही राहत."

काल एका मावशीचं धान मोजून झालं होतं, पण गोंदियाला तिच्या नावापुढे अजून शून्यच होतं. यानं ते शून्य ठेवलं.

"मावशी, तुमचं धान आलंच नाही."

तिचे कट्टे, म्हणजे धानाची पोती, त्याच्या खुर्चीला टेकून होते.

"मंग चहाचा कप कायच्यावर ठेवून राहिला, बाबू?"

त्यानं कप उचलला, घोट घेतला आणि परत तिच्याच कट्ट्यावर ठेवला.