कानाआड गेलेले आवाज

उत्तरेश्वर लोमटे मूळचे कळंब तालुक्यातले. गावाला उन्हाळ्यात टँकरनं पाणी यायचं, आणि तिथला गडी नौदलात गेला म्हणून लोक बरेच दिवस हसले. नौदलानं त्यांना समुद्र तसा फारसा दाखवलाच नाही. त्यांची जागा युद्धनौकेच्या पोटात, गॅस टर्बाइनपाशी. विमानाच्या इंजिनाचंच हे भावंड. खाऱ्या हवेनं त्याच्या पात्यांवर मीठ धरायचं. ते धुवायचं, गळती शोधायची, फिल्टर बदलायचे, हे उत्तरेश्वरांचं काम. इंजिन सुरू झालं की शिट्टीसारखा धारदार आवाज कवटीत शिरायचा. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ असायचे, तरी वर्षानुवर्षं त्या आवाजात राहून कान हळूहळू खचले. बारीक, उंच आवाज आधी गेले.

१९९९ साली नौदलातली मुदत संपवून ते पत्नी पद्मजासह पुण्यात आले आणि धायरीत घर केलं. भोसरीच्या कारखान्यांत मुलाखती दिल्या. ‘गॅस टर्बाइन’ ऐकलं की समोरचा आदरानं मान हलवायचा आणि म्हणायचा, “आमच्याकडे तसलं काही नाही हो.” शेवटी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जनरेटर सांभाळायची नोकरी मिळाली. तिथे ते रमले. कमी ऐकू येतं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. “पुण्यातली माणसं पुटपुटतात,” एवढंच म्हणायचे.

एका दुपारी कंपनीत आगीची रंगीत तालीम झाली. सगळी इमारत रिकामी होऊन माणसं पार्किंगमध्ये उभी राहिली. हजेरीत उत्तरेश्वर नव्हते. सुरक्षारक्षक नागोराव धावत जनरेटरच्या खोलीत गेले. जनरेटर बंद होता आणि उत्तरेश्वर शांतपणे फिल्टर पुसत बसले होते. नागोरावांनी खांद्यावर हात ठेवला तसे ते दचकले.

“अहो, डोक्यावर भोंगा बोंबलतोय!”

उत्तरेश्वरांनी वर पाहिलं. भिंतीवरचा भोंगा बारीक, उंच सुरात कर्कश ओरडत होता. त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक संतोष यांनी त्यांना बोलावलं. “काका, खरी आग असती तर? तुम्हाला त्या खोलीत एकटं ठेवणं आता मला जमणार नाही. स्टोअरमध्ये जागा आहे.”

उत्तरेश्वर घरी आले आणि जेवायला बसलेच नाहीत. पद्मजाताईंनी खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, तिला धक्का बसेल. ती नुसती समोर येऊन बसली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही पाठमोरे असताना मी तुमच्याशी बोलायचं कधीच सोडलंय. आधी समोर येते, मग बोलते.”

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच होतं. एवढी वर्षं ती ओला हात पदराला पुसत, हातातलं काम टाकून समोर येत होती, आणि हे कधी त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं.

त्या आठवड्यात दोघं सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात गेले. तपासणी झाली, कानात यंत्र बसलं. मग उत्तरेश्वर संतोष यांच्याकडे गेले.

“साहेब, कानाचं यंत्र लावलंय. पण जनरेटर चालू असला तर चांगल्या कानालाही भोंगा ऐकू यायचा नाही. खोलीत भोंग्याला जोडून लाल दिवा लावू या. आणि मला जोडीला कुणीतरी द्या. स्टोअरमध्ये मात्र नको.”

संतोष यांनी थोडा विचार केला. “दिवा लावून घेऊ, जोडीलाही कुणीतरी देऊ. पण दिव्याची चाचणी झाल्याशिवाय त्या खोलीत परत जायचं नाही.”

चाचणी झाली, आणि उत्तरेश्वर आपल्या जागी परतले. पुढे निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

यंत्राची सवय व्हायला वेळ लागला. कुकरच्या शिट्टीनं ते उठून उभे राहायचे. सिंहगड रस्त्यावरचे हॉर्न सहन होईनात, तेव्हा यंत्र खिशात जायचं. पद्मजाताई धायरीच्या महिला भजनी मंडळात गायच्या. एका एकादशीला उत्तरेश्वर पहिल्यांदाच देवळात जाऊन खांबाला टेकून बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

परतताना ते म्हणाले, “वरच्या पट्टीत तुझा आवाज जरा फाटतो.”

“घ्या,” पद्मजाताई म्हणाल्या. “आत्ता कुठे ऐकू यायला लागलं, तर लगेच चुका!”

पुढच्या एकादशीला मात्र त्या निघाल्या तेव्हा उत्तरेश्वर आधीच चपला घालून दारात उभे होते.