सुमनच्या डब्यावरचं नाव

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवरा गेला, त्याच्याजवळपण नाही. तुला का सांगते — ते नको विचारू.

मानपाड्याला स्टीलच्या भांड्यांची कंपनी होती, तिथं मी कामाला. पुरुष मशीनवर. आधी एमरीच्या खरखरीत चाकानं घासायचं चरे जाईपर्यंत, मग कापडी चाकाला साबण लावून चमक काढायची. आम्ही बायका पुसायला. तोंड दिसेल असं भांडं — आणि माझ्या घरात ॲल्युमिनियमची पोचे पडलेली पातेली. म्हणून केलं का? नाही. चाळीत पोचे सगळ्यांच्याच पातेल्यांना होते.

शेजारच्या सुमननं दिवाळीचा फराळ धाडलेला. तिच्या आईनं लग्नात नाव घालून दिलेल्या डब्यातून. तिची नवी सून, शोभा, घेऊन आलेली. आज देते, उद्या देते — मग मी साखर भरली त्यात. शिमग्याला सुमन दारात. "इंदे, माझा डबा कुठंय गं?"

"अगं, तुझ्या सुनेच्या हातात दिला की."

शब्द मागं घेता आला नसता का? आला असता. ती अजून उंबऱ्यातच होती.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीतून कंपनीत नेला. माणसं जेवायला गेली तशी मीच एमरी लावली. नाव गेलं. पण खोल होतं — हात फिरवला की पत्रा तिथं दबलेला लागायचा. तेव्हापासून घरात कोण आलं की मी त्याच्या हाताकडं बघायची. साखर मागायला आलीय, की डबा बघायला?

सुमनचा संशय सुनेवर. आंबिवलीला माहेरी भांडी पोचवते म्हणून. शोभा निघाली की चारचौघांत म्हणायची, "पिशवी दाखव गं जाताना." कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

शोभा एकदाच माझ्याकडं आली. "मावशी, नीट आठवा ना. दुसऱ्या कुणाला दिला असेल."

मी तिच्या डोळ्यात बघून म्हटलं, "तुझ्याच हातात दिला, पोरी. तूच आठव."

ती म्हणाली, "असेल. मीच ठेवला असेल कुठंतरी."

पुढं सुमन अंथरुणाला खिळली. शोभानं चार वर्षं तिचं सगळं काढलं. तरी सुमन गेली तेव्हा तिच्या कमरेची किल्ली तिच्या मुलीनं काढून घेतली, सुनेला हात लावू दिला नाही.

शोभा अजून सणाला येते, माझ्या पाया पडते. मी पडू देते.